उजनीत आमची बोट जाळ्यावरनं गेली, चूक कुणाची? पाण्यात वागायचं कसं ते सांगा

सोलापूरचा_गळवाला

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, रविवारपासून हे डोक्यातनं जाईना.

मी जुळे सोलापूरला राहतो. गळ टाकायचा नाद लहानपणापासनं, आधी हिप्परग्याच्या तलावाला काठावर बसून चिलापी काढायचो. गेल्या वर्षी मी आणि मावसभावानं मिळून सेकंडहँड फायबरची छोटी बोट आणि १० एचपीचं इंजिन घेतलं, आता महिन्यातनं एक-दोन रविवार उजनीच्या बॅकवॉटरला जातो, टेंभुर्णीपर्यंत पुणे हायवे आणि तिथनं करमाळा रोडला कंदरच्या बाजूला. यूट्यूबवर अमेरिकेतले बास माशाचे व्हिडिओ बघून रबरी बेडूक, स्पिनर असली गळाला लावायची नकली आमिषं सगळी घेतलीत. आपल्याकडं बास नाही पण मरळ त्याच स्वभावाचा, झुडपाखाली दबा धरून बसतो आणि बेडूक वरनं गेला की असा तुटून पडतो की काळजात धस्स होतं.

तर रविवारी पहाटे साडेपाचला बोट पाण्यात घातली, अजून नीट उजाडलं नव्हतं. पाच-दहा मिनिटं गेलो असेल तोवर इंजिन घुर्र करून बंद पडलं, वर उचलून बघतो तर पंख्याला जाळं गुंडाळलेलं. लांबनं एक म्हातारे काका होडी वल्हवत आले. आधी खूप बोलले, "तुमची हौस हाय, आमचं पोट हाय" असं. आम्ही पण तोंडाला तोंड दिलं, की दिवा नाही, झेंडा नाही, अंधारात आम्हाला दिसणार कसं. मग ते गप्पच झाले आणि खाली बसून पंख्यातनं एकेक धागा सोडवायला लागले. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, तुटलेली गाठ दातात धरून ओढत होते, जाळ्यात एक कटला होता तो पण अर्धा कापला गेलेला. मी पाचशे रुपये पुढं केले तर घेतले नाहीत. हे माझ्या डोळ्यापुढनं जात नाही.

आणि त्याच दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही झुडपांकडं बेडूक फेकत होतो तर पर्यटकांची एक बोट आमच्या आणि काठाच्या मधनं फुल स्पीडनं गेली, आमच्या गळाच्या दोन्ही लाईन तोडून. आमची बोट एवढी हलली की भाऊ पडता पडता वाचला. हात करून थांबवलं तर बोटवाला म्हणतो पाणी काय तुमच्या बापाचं हाय का.

म्हणजे सकाळी आम्ही जे केलं तेच दहा वाजता आमच्याशी झालं. तर पाण्यात आधी हक्क कुणाचा, किती लांबनं जायचं, याचा काही नियम असतो का? माहिती असणाऱ्यांनी सांगा प्लीज.

तुळजापूर_रोड

मालक, सगळ्यात आधी सांगा, लाईफ जॅकेट घालता का नाही? २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले, ते पाणी तुमच्यापासनं लांब नाही. संध्याकाळचं वारं सुटलं की ते पाणी तळ्याचं राहत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमायला लागले की मासा लागो न लागो काठाला या. आणि इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागते, इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ चा आहे, ते पण बघून घ्या.

भीमाकाठचा_भोई

गळवाले दादा, तुमचं वाचून बरं वाटलं कारण चूक झाल्यावर विचारणारा माणूस कमी असतो. मी कंदरच्या पलीकडचा, वडील अजून होडीवर जातेत, मी टेंभुर्णीला दुकानात असतो पण सुट्टीला जाळं ओढायला जातोच.

आता ऐका. आमची जाळी संध्याकाळी पडतेत आणि पहाटे उचलतेत. म्हणजे पहाटे चार ते सात-आठ हा टाइम असा हाय की पाण्यात सगळीकडं जाळं असतंय, आणि तुम्ही नेमके त्याच टाइमला इंजिन लावून निघताय. दिवा कशाला लावत नाही म्हणता, तर रात्रभर पाण्यात दिवा ठेवला तर सकाळी दिवाबी नसतो आणि जाळंबी नसतं, चोरी लय होते. खूण असते पण ती बघायला शिकावं लागतं. जाळ्याच्या वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे असतेत, हाताएवढे, आणि दोन्ही टोकाला पाण्याची किंवा तेलाची रिकामी बाटली. एक बाटली दिसली की थांबायचं, दुसरी कुठंय ते शोधायचं, आणि दोन बाटल्यांच्या मधनं कधीच जायचं नाही. एकच बाटली दिसली तर काठाच्या बाजूनं जाऊ नका, बहुतेक जाळं काठाकडनं आत टाकलेलं असतं, तवा आतल्या बाटलीच्या पलीकडनं, खोल पाण्यातनं वळसा घाला. आणि चुकून जाळ्यावर आलातच तर पहिलं इंजिन बंद करून वर उचला आणि वल्ह्यानं पार व्हा, जाळं फूटभर खाली असतंय, बोट आरामात जाते, कापतो तो पंखा.

पैसे का घेतले नाहीत विचारलं तर मला वाटतं मी सांगू शकतो. पाचशे घेतले की विषय मिटला असं तुम्हाला वाटलं असतं, आणि त्यांना मात्र ते जाळं घरी नेऊन दोन दिवस विणत बसायचं असतं, ते दोन दिवस धंदा बंद. वडिलांचं जाळं अशीच एक बोट कापून गेली होती, थांबली पण नाही. वडील त्या दिवशी जेवले नव्हते.

अजून एक. जाळ्यापेक्षा पाइपाची भीती धरा. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे साठा मृतसाठ्याच्याबी खाली उतरला, की पाणी हटतं तसं शेतकरी मोटारी पुढं पुढं सरकवतेत, केळी आणि ऊस जगवायचा असतो, त्यामुळं काठापासनं आत पार लांबवर पाइप आणि मोटारीच्या केबली पसरलेल्या असतेत. काही पाण्यावर, काही वीतभर खाली. त्यातनं करंट चालू असतो ओ. मरळाच्या नादात झुडपात शिरता ना, नेमकं तिथंच असतंय हे सगळं. धरणात गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट पण त्याच टाइमला वर येतेत, पळसदेवचं देऊळ कसं वर येतं तसंच.

भूषण_४१३

सगळं मान्य पण पाणी सरकारी आहे. मच्छीमार संस्थेचा ठेका मासे धरायचा असतो, बोट फिरवायला कुणाची परवानगी कशाला? जाळी टाकणाऱ्यानं पण वाट सोडली पाहिजे की. धक्क्याच्या तोंडालाच जाळं टाकलेलं मी स्वतः बघितलंय, तिथनं लाँच जाते, माणसं जातात.

भीमाकाठचा_भोई

भूषण दादा, धक्क्याच्या तोंडाला जाळं टाकणं चूकच, लाँचची वाट मोकळीच ठेवली पाहिजे, आमच्यातला कुणी टाकत असेल तर सांगा, आम्हीच बोलतो त्याला. बारीक आसाची, म्हणजे बारीक घरांची जाळी टाकून बोटभर पिल्लं उचलणारे पण आमच्याच पाण्यात हायेत आणि त्यांचा राग आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त हाय. पण गळवाले दादांनी कापलं ते धक्क्याच्या तोंडाला नव्हतं, आत होतं.

ऑस्टिनहून_सोलापूरकर

मी सोलापूरचाच, शाळा-कॉलेज सगळं तिथंच झालं, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये ऑस्टिनला आहे आणि इथं बासच्या मागे लागलोय. इथले तलाव शनिवार-रविवारी अक्षरशः आपल्या सिद्धेश्वरच्या गड्डा जत्रेसारखे गजबजलेले असतात, बासवाले, स्कीवाले, पोरांना घेऊन आलेल्या फॅमिल्या, जेट-स्की. म्हणून इथं जे शिकलो ते सांगतो, यातलं उजनीला चालेल ते घ्या.

आधी लाटेचं. सगळ्यांना वाटतं दुसऱ्याच्या जवळ आल्यावर जरा थ्रॉटल कमी केला की झालं, आणि तिथंच गडबड होते. बोट एकदम हळू असते तेव्हा लाट नसते, फुल स्पीडला बोट पाण्यावर उचललेली असते तेव्हा लाट त्यामानानं लहान असते, सगळ्यात मोठी लाट निघते मधल्या स्पीडला, जेव्हा बोटीचं तोंड वर आणि बूड खाली असतं. म्हणजे शेजारी येऊन अर्धा स्पीड करणारा माणूस तुम्हाला सगळ्यात मोठी लाट देतो. स्पीड कमी करायचा तर खूप आधीपासून आणि पूर्ण, बोट सपाट बसेपर्यंत. वल्ह्याच्या होडीचा काठ पाण्यापासून वीतभरच वर असतो, एक लाट आत गेली की निम्मी होडी भरते. टेक्सासमध्ये जेट-स्कीला दुसऱ्या बोटीच्या ५० फुटांच्या आत अगदी सावकाशच जावं लागतं, कायदाच आहे तसा. मी स्वतः त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर सोडतो.

दुसरं, समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडं वळायचं. आपल्याला रस्त्यावर डावीकडं जायची सवय, पाण्यात उलटं आहे, आणि एकानं डावीकडं दुसऱ्यानं उजवीकडं घेतलं की टक्कर ठरलेली. पुढच्याला मागे टाकायचं असेल तर वाट सोडायची जबाबदारी मागनं येणाऱ्याची. आणि तुमच्या हक्काच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे, जगभरातल्या समुद्री नियमात जाळं टाकून बसलेल्या बोटीला इंजिनवाल्यानं वाट द्यायची असते, कारण ती पटकन हलू शकत नाही. रॉड घेऊन फिरणारा इंजिनवाला या सवलतीत येत नाही, तो हलू शकतो. म्हणजे काकांचा हक्क तुमच्या आधी.

बासवाल्यांची आपसातली रीत अशी, की कुणी काठाकाठानं झुडपांकडं गळ फेकत पुढं चाललाय तर त्याच्या पुढं जाऊन बसायचं नाही आणि तो आणि काठ यांच्या मधनं तर कधीच जायचं नाही, कारण ते मधलं पाणी म्हणजे त्याची सगळी मेहनत. तुमच्या टुरिस्ट बोटवाल्यानं हेच मोडलं. पण त्याला बहुतेक कळलंच नसेल की तुम्ही काठाकडं फेकताय, त्याच्या दृष्टीनं गळ म्हणजे खोल पाण्यात सोडून बसायचं. रॉड उंच धरून दाखवा, हात हलवा, ओरडण्याच्या आधी.

आणि एक मनापासून सांगतो. बासचा नर अंडी-पिल्लं राखत बसतो, त्याला तेव्हा काढला तर पिल्लं दुसरे मासे फस्त करतात. मरळ पण पिल्लं राखतो.

भीमाकाठचा_भोई

हे बरोबर बोलले भाऊ. पावसाळ्यात पाण्यावर लालभडक पिल्लांचा गोळा दिसतो, सुपाएवढा, उकळल्यासारखा हलत असतो आणि श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतेत. त्याच्या खाली आई-बाप असतेत. त्या गोळ्यावर बेडूक टाकला की मरळ शंभर टक्के लागतो, तो भुकेनं नाही, पिल्लांसाठी धावून येतोय. आमचे वडील तिथनं होडी वळवून नेतेत.

सोलापूरचा_गळवाला

सगळ्यांचे आभार. त्या गोळ्याचं मला माहिती नव्हतं, गेल्या पावसाळ्यात मी त्यावर बेडूक टाकलाय आणि मरळ काढलाय, साडेतीन किलोचा, फोटो पण ठेवला होता. वाचून फार वाईट वाटलं. इथनं पुढं नाही.

अपडेट देतो. काल परत गेलो होतो, बोट न घेता, नुसतं बाइकवर. धक्क्यावर विचारत विचारत त्या काकांचं घर सापडलं. ओट्यावर तेच जाळं खुंटीला टांगून विणत बसले होते, ओळखलं लगेच, पण रागानं बोलले नाहीत, चहा सांगितला. मी सोलापुरातनं नायलॉन दोऱ्याची दोन बंडलं घेऊन गेलो होतो, ती मात्र घेतली, बोटावर ताणून बघितली आणि म्हणाले दोरा चांगला आणलास. मग मला गाठ शिकवली, सुईसारखी बांबूची पट्टी असते त्यावर दोरा गुंडाळतात आणि लाकडाच्या चपट्या तुकड्यावरनं घर मोजून घेतात म्हणजे सगळी घरं सारखी येतात. तासाभरात मला जेमतेम दहा-बारा घरं जमली, त्यातली पण निम्मी त्यांनी परत उसवली.

ठरलं ते असं, की आम्ही सकाळी आठच्या आधी इंजिन लावायचं नाही, तोवर काठावर बसून गळ टाकायचा किंवा वल्ह्यावर जायचं. त्यांनी त्यांच्या जाळ्याच्या बाटल्यांना लाल रंग लावायचा, रंग मी नेऊन देणार. पांढरी बाटली फेसात दिसत नाही हे त्यांनाही पटलं. बाकीच्या होडीवाल्यांना पण विचारतो म्हणाले.

टुरिस्ट बोटवाला अजून भेटला नाही. भेटला की ऑस्टिनवाल्या भाऊंनी सांगितलेलं लाटेचं त्याला नीट समजावून सांगणार आहे, भांडायचं नाही असं ठरवलंय.

आता एकच विचारायचंय, प्लास्टिकच्या बाटलीवर पाण्यात टिकणारा रंग कुठला घ्यावा? साधा ऑइल पेंट दोन आठवड्यात सालपटासारखा निघतो असं काका म्हणाले.

तुळजापूर_रोड

बाटली आधी पॉलिश पेपरनं घासून घ्या, मग रंग धरतो. नाहीतर रंगाच्या भानगडीत न पडता बाटलीच्या आत लाल कापडाचं फडकं कोंबून बूच घट्ट लावा. कापड भिजत नाही, निघत नाही, आणि लांबनं दिसतं.