शब्दचर्चा : ‘माउंट करणे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
घरच्या संगणकावर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणे लिहिताना ‘माउंट’पाशी (डिस्क किंवा पेनड्राइव्हमधल्या फाइली प्रणालीत दिसू लागतील असे करणे) हमखास अडायला होते. ‘जोडणे’ म्हणावे तर ‘पेनड्राइव्ह जोडला आहे, पण जोडलेला नाही’ असे वाक्य होते. ‘आरोहित करणे’ वाचून गिर्यारोहण डोळ्यांसमोर येते. रोजच्या बोलण्यातला शब्द सुचवा.

प्रतिसाद १
चढवणे. उलट क्रिया उतरवणे. जोडी आयतीच मिळते.

मूळ अर्थही हाच आहे. टेपचे रीळ किंवा डिस्कची चळत माणूस हाताने यंत्रावर चढवत असे आणि मग प्रणालीला तसे कळवावे लागे. लिनक्स जिच्या धर्तीवर बनले, त्या युनिक्स प्रणालीच्या १९७१च्या पहिल्या आवृत्तीतही ‘माउंट’ ही आज्ञा होती. आज हाताने करायचे काम एवढेच, की पेनड्राइव्ह खोचायचा. ते झाले जोडणे. त्यातल्या फाइली एखाद्या फोल्डरच्या जागी दिसू लागणे, हे झाले चढवणे. लिनक्सच्या उबंटू या प्रकारात ती जागा ‘मीडिया’ फोल्डरात आपल्या नावाखाली असते, फेडोरा या प्रकारात ‘रन’मधल्या ‘मीडिया’त.

‘चढवणे’चा आणखी एक गुण म्हणजे उशीवर खोळ चढवली की उशी दिसेनाशी होते, पण जात कुठेच नाही. आधीच फाइली असलेल्या फोल्डरवर पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) चढवले, तर त्या जुन्या फाइली झाकल्या जातात. नवखा माणूस घाबरतो, डेटा उडाला समजतो. पार्टिशन उतरवले की सगळे जसेच्या तसे. ‘जोडणे’तून हे कधीच कळणार नाही. तरी चढवायला रिकामा फोल्डरच घ्यावा.

प्रतिसाद २
शब्द चांगला आहे, पण अपलोडला ‘चढवणे’ आणि डाउनलोडला ‘उतरवून घेणे’ आधीच रुळले आहे. ‘पार्टिशन उतरवा’ वाचून कोणी डाउनलोडचे बटण शोधत बसेल. शिवाय पडद्यावरच्या त्रुटीच्या संदेशात ‘माउंट’च येते आणि शोधायचे तेही त्याच शब्दाने. म्हणून पहिल्यांदा ‘माउंट करणे, म्हणजे फोल्डरवर चढवणे’ असे लिहावे आणि पुढे आज्ञांच्या आसपास ‘माउंट’च ठेवावे.

प्रतिसाद १
मान्य. मात्र समजावण्याच्या वाक्यात ‘चढवणे’ सोडू नये. विंडोजशेजारी लिनक्स टाकलेल्यांची नेहमीची तक्रार घ्या: विंडोजचे पार्टिशन नुसते वाचण्यापुरते चढते, किंवा चढतच नाही. कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट निजते, आणि पार्टिशन त्याच्याच ताब्यात राहते. तात्पुरता उपाय म्हणजे शिफ्ट दाबून धरून शट डाउन करणे. कायमचा हवा तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगात जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढावी. निजताना विंडोज आपली स्थिती ज्या फाइलीत ठेवते ती लिनक्समधून जबरदस्तीने पुसू नये. विंडोजमधले न साठवलेले काम त्यात जाते.

प्रतिसाद ३
सुरू होतानाच आपोआप चढवायचे असेल, तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये एका ओळीत ६ रकाने भरतात: पार्टिशनची ओळख, कुठे चढवायचे तो फोल्डर, फाइलप्रणाली, पर्याय, आणि शेवटी २ आकडे. विंडोजच्या पार्टिशनसाठी ते दोन्ही ० ठेवावेत. ओळख म्हणून ‘एसडीबी१’सारखे नाव देऊ नये, डिस्कचा क्रम बदलला की ते बदलते. ‘बीएलकेआयडी’ आज्ञेने मिळणारा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक द्यावा. पर्यायांत ‘नोफेल’ हवाच. तो नसला आणि डिस्क सापडली नाही, तर संगणक सहसा ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर थांबतो. म्हणून रीस्टार्ट करण्याआधी ‘माउंट’ला ‘ए’ पर्याय देऊन सगळ्या ओळी तपासाव्यात.

प्रतिसाद २
‘उतरवणे’बद्दल एक भर. कॉपीची पट्टी भरली तरी बराच डेटा रॅममध्येच असू शकतो. तो पेनड्राइव्हवर लिहून झाल्यावरच उतरवणे पुरे होते; त्याआधी उपटला तर फाइल अर्धवट राहते. ‘बिझी’ म्हणून उतरायला नकार आला, तर एखादी फाइल उघडी आहे किंवा टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) त्याच फोल्डरात उभे आहे असे समजावे. ‘फ्यूजर’ आज्ञेला ‘व्हीएम’ पर्याय आणि फोल्डर दिला, की अडवणारा प्रोग्राम दिसतो. आणि आज्ञेचे नाव ‘यूमाउंट’ आहे. ‘अनमाउंट’ टाइप केले तर आज्ञा सापडत नाही, खऱ्या नावात ‘यू’नंतरचा ‘एन’ नाही.