चाऱ्याच्या चवळीचं बियाणं घरीच करायचंय, खत कोणतं द्यावं?

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत महिला गटाच्या गाई आहेत. भात कापलं की खाचरातल्या ओलीवर आम्ही चाऱ्याची चवळी पेरतो. बियाणं घाटावरून येतं, आणि ते येईपर्यंत ओल उडायला लागते. म्हणून गेल्या हंगामात एक तुकडा न कापता बियाण्यासाठी राखला.

वेल असा माजला की बांध ओलांडून गेला. पानं काळीशार. पण फुलं उशिरा आली, बरीच गळली, आणि शेंगा शेंड्याकडे पोकळ. खत चाऱ्याला देतो तेच दिलं होतं, पेरताना डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) आणि नंतर दोनदा युरिया (नुसत्या नत्राचं खत). शेजारच्या वाडीत नुसतं शेणखत आणि चुलीतली राख घातली, त्यांचा वेल बुटका, पण शेंगांनी लगडलेला!

जमीन तांबडी, जांभ्याची. माती परीक्षणात सामू ५.४, म्हणजे माती आम्ल, स्फुरद (फॉस्फरस) आणि बोरॉन कमी, पालाश (पोटॅश) मध्यम. दुकानात एक जण १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) फवारा म्हणतो, दुसरा डीएपी वाढवा म्हणतो. यंदा दहा गुंठे राखतोय. चारा नको, दाणा हवा. जाणकारांनी कृपया सांगा, गटातल्या बायकांची मेहनत पुन्हा वाया जायला नको.

प्रतिसाद १ (गुहागर)

ताई, तुम्ही दिलेलं खत चाऱ्याला ठीक आहे, बियाण्याला नाही. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की वेल पाल्यातच रमतो, फुलावर यायला उशीर करतो. त्यात चवळी स्वतःचं नत्र मुळावरच्या गाठींतून मिळवते. वरून युरिया पडत राहिला की त्या गाठी नीट धरत नाहीत. फुलाआधी एक रोप हलक्या हाताने उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आपल्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. फेकून दिलेलं स्फुरद मुळापर्यंत पोचतच नाही. म्हणून कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत, बियाण्याच्या दोन बोटं खाली द्या. चवळीची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद अशी आहे. दहा गुंठ्यांना सिंगल सुपर फॉस्फेट ३१ किलो आणि युरिया साडेपाच किलो, दोन्ही पेरतानाच. नंतर युरिया नको. डीएपीपेक्षा सुपर घ्या असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात गंधक आणि कॅल्शियमही असतं, आणि आपल्या पावसात दोन्ही धुऊन जातात.

बोरॉन कमी असेल तर परागकण नीट रुजत नाहीत, फूल गळतं, शेंग पोकळ राहते. कळी दिसू लागली की बोरिक ॲसिड लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. मात्रा वाढवू नका, पानांच्या कडा जळतात. १९:१९:१९ मधलं नत्र तुम्हाला आत्ता नको आहे.

शेजाऱ्यांच्या राखेत पालाश होतं, शिवाय राख आम्लता थोडी मोडते. त्यांचं पीक उगाच लगडलं नाही.

प्रतिसाद २ (दापोली)

काकांशी सहमत. आम्लता मोडायला चुना घालणार असाल तर पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, सुपर किंवा युरियाबरोबर कधीच नको. बियाण्याला रायझोबियम (मुळावर गाठी धरवणारे जिवाणू) लावा, पण ते खतात मिसळू नका आणि बियाणं सावलीतच सुकवा.

कोणी हे वाचून आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्याचं बियाणं करायला निघालं, तर युरिया बंद करू नका. मक्याला गाठी नाहीत, नत्र कमी पडलं तर कणीस भरत नाही. तिथे युरिया थोडा थोडा विभागून द्या, आणि दुसरा मका किमान २०० मीटर लांब ठेवा.

धागाकर्ती

काका, दादा, खूप आभार. एकच विचारते, एकदा चारा कापून घेतला आणि फुटव्याला शेंगा येऊ दिल्या तर चालेल का? गाईंना तेवढाच आधार.

प्रतिसाद ३ (गुहागर)

नको ताई. हिवाळ्यातल्या ओलीवर फुटवा येईपर्यंत ओल संपते, दाणा भरायला काही उरत नाही. चाऱ्याचा तुकडा वेगळा ठेवा, युरिया हवा तर तिथे द्या. बियाण्याच्या दहा गुंठ्यांत शेंगा वाळतील तशा तोडा, आणि पहिल्या तोडणीचा भरीव दाणा पुढच्या पेरणीला बाजूला काढा.