थकलेलं गृहकर्ज: तडजोड करायची की नाही, हे बँकेनेच का ठरवावं?

पाऊलवाट:
आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे 'डॉल'मध्ये, थकलेल्या गृहकर्जांवर कित्येक वर्षं वाद झाला. व्याजदर, सवलती, जप्ती, सगळ्यावर भाषणं झाली. माझ्या मते त्यातला मुख्य प्रश्न एकच आहे. कर्जदाराशी तडजोड करायची की नाही, याचा शेवटचा शब्द कोणाचा असावा?

थोडी पार्श्वभूमी. 2007 नंतर तिथे घरांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या आणि बेरोजगारी 15 टक्क्यांच्या आसपास गेली. 2013 मध्ये राहत्या घरांवरच्या दर आठ कर्जांमागे साधारण एक कर्ज तीन महिन्यांहून जास्त थकलेलं होतं. घर विकूनही कर्ज फिटत नव्हतं, आणि उरलेली रक्कम माणसाच्या मानगुटीवर राहतच होती.

2012 मध्ये वैयक्तिक दिवाळखोरीचा नवा कायदा आला. दिवाळखोरीची मुदत 12 वर्षांवरून 3 वर्षांवर आली, हे निश्चितच चांगलं झालं. शिवाय घर न गमावता कर्जाची फेररचना करण्याची सोयही झाली. पण त्या आराखड्याला कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने 65 टक्के धनकोंची संमती हवी होती. सामान्य कुटुंबाचं सर्वांत मोठं कर्ज घराचंच असतं. म्हणजे व्यवहारात नकाराधिकार बँकेच्या हाती गेला. विरोधी बाकांवरून हे वारंवार सांगितलं गेलं. शेवटी 2015 मध्ये कायदा बदलून, बँकेने नाकारलेला आराखडाही न्यायालय मंजूर करू शकेल अशी तरतूद केली. ती पहिल्याच दिवशी असायला हवी होती. मधल्या काळात ज्यांची घरं गेली त्यांना ती परत मिळाली नाहीत.

मुद्देसूद:
मला हे पटत नाही. तारण म्हणजे काय? पैसे परत आले नाहीत तर वस्तू ताब्यात घेण्याचा हक्क. याच हक्काच्या भरवशावर 25-30 वर्षांसाठी कर्ज मिळतं. तो हक्क कागदावरच राहिला तर काय होतं, हेही आयर्लंडनेच दाखवलं आहे. 2009 च्या कायद्याने ताबा मागण्याची जुनी कलमं रद्द करताना आधीच्या कर्जांची पुरेशी सोय ठेवली नाही, हे न्या. एलिझाबेथ डन यांच्या 2011 च्या निकालातून समोर आलं. मोठ्या संख्येने कर्जांच्या बाबतीत बँकांचा ताबा घेण्याचा नेहमीचा मार्ग अडला. ती फट बुजवायला 2013 उजाडलं.

पुढे कित्येक वर्षं तिथले गृहकर्जाचे व्याजदर युरो वापरणाऱ्या देशांच्या सरासरीपेक्षा जास्त राहिले. तो बोजा नव्याने घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांनी उचलला, पोटाला चिमटा काढून वेळेवर हप्ते भरणाऱ्यांनी उचलला. त्यांच्या बाजूने सभागृहात कितीजण बोलले?

पाऊलवाट:
व्याजदर चढे राहण्यामागे स्पर्धा नसणं हेही मोठं कारण होतं. संकटानंतर मोजक्याच बँका उरल्या होत्या.

आणि वेळेवर भरणाऱ्यांचंच म्हणाल, तर त्यांनी आणखी एक बिल भरलं आहे. आयरिश जनतेच्या पैशातून बँकांमध्ये सुमारे 64 अब्ज युरो ओतले गेले. मार्च 2011 च्या ताणचाचणीनंतर (संकट आलं तर बँक टिकेल का, याची तपासणी) बँकांना आणखी 24 अब्ज युरो भांडवल लागेल असं ठरलं, त्या हिशेबात गृहकर्जांवरचं संभाव्य नुकसान धरलेलंच होतं. नुकसान सोसायला पैसे मिळाले, मग कर्जदारासमोर बसल्यावर "एक युरोही सोडणार नाही" हे कशाच्या जोरावर?

मुद्देसूद:
ताणचाचणी म्हणजे कर्जमाफीचं आश्वासन नव्हे. ते भांडवल बँक उभी राहावी, ठेवीदाराचे पैसे बुडू नयेत म्हणून होतं. नुकसानीची तरतूद करून ठेवणं वेगळं आणि वसुलीचा प्रयत्नच सोडणं वेगळं. सरसकट मुद्दल सोडायला लागलात तर भरू शकणाराही हप्ता थांबवेल.

अनुस्वार:
सरसकट कोणीच म्हणत नाहीये. फेररचनेच्या आराखड्यात माणसाचं उत्पन्न, खर्च, मालमत्ता सगळं तपासलं जातं. भरू शकणारा तिथे टिकत नाही.

मला जास्त खटकतं ते कर्जांच्या विक्रीचं. बँकांनी थकलेली कर्जं गठ्ठ्याने परदेशी गुंतवणूक फंडांना सवलतीत विकली. सुरुवातीला हे फंड मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली नव्हतेच. 2015 च्या कायद्याने कर्जांची वसुली सांभाळणाऱ्या कंपन्या देखरेखीखाली आल्या, आणि कर्जाचे खुद्द मालक 2018 मध्ये. फंडाला जी सूट दिली ती आधी त्याच घरात राहणाऱ्या माणसाला विचारली का? ही सूट देता येत होती, एवढं तर विक्रीनेच सिद्ध केलं.

रेवा:
मी डब्लिनमध्ये भाड्याने राहते. तुमच्या सगळ्या चर्चेत आमच्यासारखे कुठेच नाहीत, म्हणून लिहितेय.

भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घरांची कर्जंही थकली होती, आणि त्यांचं प्रमाण राहत्या घरांपेक्षा जास्त होतं. भाडेकरू दर महिन्याला भाडं देतो, मालक ते बँकेत भरत नाही, एक दिवस घर विकायला निघतं. घर विकणं हे भाडेकरार संपवण्याचं कायदेशीर कारण होतं. ज्याने एकही हप्ता चुकवला नाही, तो रस्त्यावर. अशा माणसाला आराखड्यावर मतही नाही आणि 65 टक्केही नाहीत.

2008 नंतर स्थानिक परिषदांनी (आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांनी) घरं बांधणं जवळपास थांबवलं. तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा सरकारी आकडा 2019 मध्ये 10,000 च्या वर गेला, 2025 मध्ये 15,000 च्या वर. त्यात मुलं हजारोंनी आहेत.

'मॉर्गेज टू रेंट' ही 2012 ची योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. मालकी सोडायची, कर्जातून सुटायचं, आणि त्याच घरात सामाजिक गृहनिर्माण संस्थेचे किंवा परिषदेचे भाडेकरू म्हणून उत्पन्नाच्या प्रमाणात भाडं देऊन राहायचं. मुलांची शाळा बदलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मात्र अटी इतक्या होत्या, घराची किंमत, खोल्या, उत्पन्न, की फार थोड्यांना लाभ झाला. सभागृहात वेळ घालवायचाच होता तर या अटींवर घालवायला हवा होता.

मुद्देसूद:
रेवाताई, यावर माझं दुमत नाही. कोणाला घर नाही हा प्रश्न सरकारचा आहे आणि सरकारने घरं बांधून सोडवावा. बँकेच्या वहीतून सामाजिक धोरण चालवू नये, एवढंच मी म्हणतोय. न्यायालयाने आराखडा लादायला माझी हरकत नाही, पण मुदत हवी. दोन वर्षांत निकाल लागला नाही तर ताबा द्यावा. दहा-दहा वर्षं टांगलेली प्रकरणं कर्जदारालाही जगू देत नाहीत, थकबाकी मात्र वाढतच जाते.

पाऊलवाट:
मुदत मान्य. पण ती बँकेलाही लागू करा. कर्जदाराने कागद दिल्यापासून ठरावीक दिवसांत बँकेने लेखी, कारणांसह उत्तर दिलं नाही तर आराखडा मंजूर धरावा. विलंबाची किंमत आजवर एकाच बाजूने मोजली आहे.

रेवा:
आणि त्या घरात भाडेकरू असेल तर विक्री भाडेकरूसकट व्हावी. हे कलम नसेल तर तुमच्या दोघांच्या तडजोडीत मी कुठेच नाही.