मदत हवी आहे: यार्ड सेलमध्ये बिडाचं पॅन, स्टँड मिक्सर आणि क्रिब घेताना काय तपासायचं?

एडिसनकर
न्यू जर्सीत नवीन संसार मांडतोय. सध्या दर शनिवारी आसपास यार्ड सेल आणि गराज सेल असतात (लोक घरातल्या वापरलेल्या वस्तू अंगणात किंवा गराजमध्ये मांडून विकतात). हव्या असलेल्या वस्तू: डोशासाठी बिडाचं पॅन (शेगडी काचेची, इलेक्ट्रिक), किचनएडचा मिक्सर, बाळासाठी क्रिब (कठड्याचा छोटा पलंग) आणि कार सीट. घेतलेलं परत करता येत नाही, तर तिथल्या तिथे काय बघावं? मिक्सर पुढे पुण्याला नेला तर चालेल का? आणि भाव किती पाडून मागावा?

लोखंडेवाडी
बिडासाठी जुन्या वस्तीतले सेल गाठा. नव्या कॉलनीत मुलांचं सामान जास्त निघतं. ग्रिसवोल्ड किंवा वॅग्नर या जुन्या कंपन्यांचं पॅन आतून घासून गुळगुळीत केलेलं असतं, डोसा त्यावर सुटसुटीत निघतो. हल्लीच्या लॉज कंपनीच्या साध्या पॅनचा पृष्ठभाग खरखरीत असतो.

पॅन सपाट फरशीवर ठेवून कडा आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर सोडून द्या, कारण काचेच्या शेगडीवर ते गरगर फिरतं आणि फक्त मध्यभागी तापतं. बुडाला उंच गोल कड असेल तरी तुमच्या शेगडीवर नको, कडेमुळे बूड काचेला टेकतच नाही. मग लाकडी चमच्याने टिचकी मारा: खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर तडा असू शकतो.

गंजाला घाबरू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवा. जास्त ठेवलं तर आम्ल बीडच खायला लागतं. घासून लगेच आचेवर कोरडं करा. तेलाचा हात फिरवून जवळजवळ सगळं पुसून घ्या आणि ओव्हनमध्ये ४५० फॅरनहाइटला तासभर पालथं ठेवा. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो. हे तेल-ओव्हनचं तीन-चार वेळा करा.

एक मात्र विचाराच: यात शिसं वितळवलं होतं का? मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला अशी पॅन वापरतात. तसं असेल किंवा शंका असेल तर फुकटही नको. घासून शिसं गेल्याची खात्री देता येत नाही.

पाळणाघर
कार सीट अनोळखी माणसाकडून घेऊच नका. अपघातात फोमला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. शिवाय तिची मुदतही संपते.

क्रिबची एक बाजू खाली सरकत असेल (ड्रॉप-साइड) तर तिथेच विषय संपला. जून २०११ पासून अमेरिकेत तशी क्रिब विकायला बंदी आहे. बाकीच्यांत दोन पट्ट्यांमधली फट २⅜ इंचांपेक्षा जास्त नको. सोड्याचा कॅन आरपार जातो का पाहा. सगळे मूळ स्क्रू हवेत, दुकानातून आणून बसवलेले चालत नाहीत. लेबलवरचा मॉडेल नंबर आणि उत्पादनाची तारीख सीपीएससीच्या (अमेरिकेची ग्राहक सुरक्षा संस्था) रिकॉल यादीत, म्हणजे धोकादायक म्हणून परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत, फोनवर तिथेच शोधा. लेबल फाडलेलं असेल तर घेऊ नका.

सुटे_पैसे
१ आणि ५ डॉलरच्या नोटा न्या, टॉर्च आणि मोजायची टेपही. एकेका वस्तूवर घासाघीस करू नका. तीन-चार वस्तू हातात घ्या आणि ‘सगळं मिळून किती?’ विचारा, चिठ्ठीवरच्या बेरजेच्या दोन-तृतीयांश मागणं रास्त. दुर्मीळ वस्तूला सकाळी लवकर जा. मोठं फर्निचर मात्र सेल आवरताना मागा, कारण ते परत आत न्यायचा त्यांनाच कंटाळा असतो. गादी आणि सोफ्याच्या शिवणीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजा.

एडिसनकर
मनापासून आभार. मिक्सरचं राहिलं. एकाच्या बीटर (फेटायचं पातं) लावायच्या दांड्यावरून तेल गळताना पाहिलं, तो बाद का?

गिअरबॉक्स
बाद नाही. बराच काळ पडून राहिला की ग्रीसमधलं तेल सुटून खाली येतं. वरचं झाकण उघडून जुनं ग्रीस काढायचं आणि खाद्ययोग्य ग्रीस भरायचं. तेवढ्यासाठी किंमत कमी करून मागा. प्लगची जागा मागून सगळ्या वेगांवर दोन-तीन मिनिटं फिरवा. मोटर गुणगुणते पण बीटर फिरत नाही, याचा अर्थ वर्म गिअर (मोटरची गती बीटरपर्यंत नेणारं दातेरी चाक) गेला. तो सुटा स्वस्त मिळतो, मोटर वाचावी म्हणून मुद्दाम कमजोर बनवलेला असतो. जळका वास आणि ठिणग्यांचा वर्षाव असेल तर नको.

पुण्यात मात्र थेट लावू नका. इथली वीज १२० व्होल्ट, तिथली २३०, मोटर जळेल. मिक्सरच्या वॅटच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो जड असतो आणि ओट्यावर जागाही खातो. निघायच्या आधी मिक्सर इथेच विकलेला बरा.