प्लॅटफॉर्म गेममधली मिरची: आग ओकायला लावणं हा आळस आहे

लवंगी
सुपर मारियो गॅलक्सी २ निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आल्यापासून परत खेळतेय आणि एक मत पक्कं झालंय, ते मांडते. प्लॅटफॉर्म गेममध्ये (उड्या मारत टप्पे पार करायचे खेळ) कुणी तिखट खाल्लं की ठरलेलं असतं, तोंडातून ज्वाळा. कर्बीज ड्रीम लँडमध्ये (१९९२, गेमबॉय) झणझणीत करी खाऊन गेमचा नायक कर्बी काही वेळ आग ओकतो. त्याच साली सेगाच्या टॅझ-मॅनियात टॅझ मिरची खातो, तोही आग ओकतो. म्हणजे मिरचीची बंदूक केली. ज्याने खाल्ली तो मजेत, भोगायचं समोरच्याने. तिखट लागलेल्या माणसाचं असं होतं का? त्याचं त्यालाच सुचेनासं होतं. नाकातोंडातून पाणी, ठसका, आणि एका जागी बसवत नाही.

आता गॅलक्सी २ (२०१०) बघा. मारियो ज्याच्या पाठीवर बसतो तो डायनासोर, योशी, मिरची गिळतो, लालबुंद होतो आणि सुटतो. थांबणं तुमच्या हातात नाही, वळवणं तेवढं आहे. पण याच बेभान धावण्यामुळे एरवी पाय ठरणार नाही असा चढ तो चढून जातो, पाण्यावरूनही पळतो. हायटेल फॉल्स या टप्प्यात हे फार सुंदर जमलंय. एकीकडे योशीला कड्यावरून सांभाळायचं, दुसरीकडे पडद्यावरच्या पॉइंटरने पुढची मिरची हेरून जिभेने ओढायची. ती हुकली की जोर ओसरतो. ताबा सुटणं हीच इथे शक्ती आहे, आणि माझ्या मते तिखटाला न्याय देणारी हीच रचना.

गेमबॉयवाला
अजिबात पटलं नाही. आळस म्हणण्याआधी गेमबॉयचा पडदा आठवा. १६० बाय १४४ पिक्सेल आणि चार छटा. लालबुंद कर्बी दाखवणार कसा? घाम दाखवणार कुठे? ज्वाळा मात्र तेवढ्या जागेतही पहिल्या नजरेत कळते.

शिवाय त्या गेमचा नियम बघा. शत्रूला गिळून त्याच्या शक्तीची नक्कल करायची कर्बीची ताकद १९९३ च्या कर्बीज ॲडव्हेंचरमध्ये आली. पहिल्या गेममध्ये शत्रूला ओढायचं आणि तोच थुंकायचा, नाहीतर फुगून हवेची फुंकर मारायची, एवढीच शस्त्रं. करी खाल्ली की हा नियम काही वेळापुरता मोडतो. कुणालाही न ओढता थेट हल्ला! तेवढ्या वेळात खेळण्याची लयच बदलते, ही मोठी गोष्ट आहे. मासाहिरो साकुराई यांनी हा गेम नवख्यांसाठी केला होता. नवख्याच्या हातातून ताबा काढून घ्यायचा आणि पुढे खड्डा ठेवायचा, तर तो गेम बंद करून उठेल.

लवंगी
@गेमबॉयवाला, पडद्याचं मान्य. पण मग त्याच साकुराईंनी २००८ च्या सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल या मारामारीच्या गेममध्ये तीच करी आणली तेव्हा काय केलं? खाणारा आग तर ओकतोच, पण त्याला स्वस्थ उभंही राहता येत नाही, पाय सतत चालू. पडदा मोठा मिळाल्यावर त्यांनी नेमकी ताबा सुटण्याचीच भर घातली.

गेमबॉयवाला
भर घातली, आग काढली नाही. आणि स्मॅशमध्ये एकमेकांना कड्यावरून खाली घालवणं हाच खेळ आहे. तिथे गोंधळ चालतो. एकट्याने टप्पा पार करताना तोच गोंधळ शिक्षा वाटतो.

जीवशास्त्रवाली
मला दोघांच्या मध्ये पडायचंय, पण झुकते आगीकडे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तोच ग्राहक ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे तिखट खाल्लं की मेंदूला खरोखर ‘भाजतंय’ असाच निरोप जातो. भाजल्याशिवाय भाजतं. तोंडात आग दाखवणारा चित्रकार मज्जातंतूंशी प्रामाणिक आहे.

खटकतं ते दुसरंच. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (तो प्लॅटफॉर्म गेम नाही, माहीत आहे) मिरची शिजवून खाल्ली की नायक लिंकला थंडी बाधत नाही. प्रत्यक्षात तिखटाने घाम येतो, आणि घाम शरीर थंड करतो.

मिरपूड
बर्गरटाइम कुणालाच आठवला नाही? डेटा ईस्ट, १९८२. शिड्या, मजले, आणि मागे लागलेले सॉसेज, अंडं, काकडीचं लोणचं. आचारी त्यांच्यावर मिरपूड उडवतो, ते क्षणभर थिजतात. पूड मोजकी, आइस्क्रीम किंवा कॉफी उचलली की एक वाढते. तिखट खायचंच नाही, जपून वापरायचं. माझ्या लेखी हाच सगळ्यांत नेमका वापर.

सांगलीकर
सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. सवय. रोज ठेचा-भाकरी खाणाऱ्याला एका मिरचीने काही होत नाही. मग गेममधल्या पात्राला दहाव्या मिरचीलाही तेवढंच का लागावं? प्रत्येक मिरचीगणिक असर कमी होत गेला पाहिजे. त्यातून खेळाडूला हिशेब करावा लागेल, कुठली खायची, कुठली राखायची.

जीवशास्त्रवाली
@सांगलीकर, याला आधार आहे. कॅप्सायसिनचा मारा वारंवार झाला की ते ग्राहक मंदावतात.

लवंगी
@सांगलीकर, कल्पना चांगली, पण प्लॅटफॉर्म गेममध्ये ती चालणार नाही. योशीच्या वाटेवरच्या मिरच्या अंतर मोजून लावलेल्या असतात. एक खाल्ली की कुठवर पोचणार हे खेळाडूच्या हाताला कळलेलं असतं, त्याच भरवशावर तो कड्याच्या बाजूने योशीला घालतो. तिसरीचा जोर कमी पडला तर उडी नेमकी कुठे चुकली हे त्याला कळणारच नाही.

@जीवशास्त्रवाली, भाजतंय हा निरोप खाणाऱ्याच्या मेंदूला जातो ना? मग ज्वाळा शत्रूच्या अंगावर का? आग दाखवा, पण तिचा चटका खाणाऱ्याला बसू दे.

गेमबॉयवाला
बसू दे, पण किती? कर्बी आग ओकताना मागे ढकलला गेला, प्रत्येक फुंकरीला थोडा थोडा, तर मला चालेल. तुमचं म्हणणंही राहील आणि नवखा खड्ड्यातही जाणार नाही. योशीसारखं सुसाट सोडून देणं मात्र मला दहाव्या टप्प्यानंतरच मंजूर.

लवंगी
मागे ढकलणं आवडलं. पण दहावा टप्पा कशाला? पहिल्याच टप्प्यात, खड्डे नसलेल्या मैदानात, एक मिरची ठेवा. धावू दे त्याला भिंतीवर.