विषय : तापल्यावर बंद पडणारा पेट्रोल जनरेटर

सप्रेम नमस्कार,

गिरगावातील आमच्या वाडीने गणेशोत्सवासाठी घेतलेला लहान पेट्रोल जनरेटर अर्धा तास नीट चालतो, मग गचके खात बंद पडतो आणि कितीही दोरी ओढली तरी लागत नाही. थोडा वेळ थांबले की मात्र पहिल्याच झटक्याला सुरू होतो. स्पार्क प्लग बदलूनही फरक पडलेला नाही. परदेशातून मी वाडीतल्या मुलांना काय तपासायला सांगावे?

सप्रेम नमस्कार,

इंजिन गचके खात थांबते आणि वेळ गेल्यावर पुन्हा लागते, या दोन खुणा सर्वांत मोलाच्या आहेत. तपासणी बंद पडल्या पडल्याच करावी. मेकॅनिक येईपर्यंत वाट पाहिली तर दोषच दिसेनासा होतो.

आधी सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहावी, कारण ऑइल कमी झाले की अनेक जनरेटरमध्ये सेन्सरच स्पार्क तोडतो. माझा खरा संशय टाकीच्या झाकणावर आहे. त्यातील हवेचे बारीक छिद्र बुजले, की पेट्रोल खाली उतरेल तसतशी टाकीत पोकळी तयार होते, इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरची उपासमार होते आणि इंजिन थांबते. पुढे हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून आपल्याला वाटते की ते गार झाल्यामुळे लागले. इंजिन थांबताच, जवळपास ज्योत नाही याची खात्री करून, झाकण सैल करावे आणि मग दोरी ओढावी.

तरीही लागले नाही, तर प्लग काढून पाहावा. कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. ओला असल्यास स्पार्कची शंका घ्यावी. स्पार्कसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तापल्यावर दगा देते आणि गार झाल्यावर पुन्हा चालते. स्पार्क मात्र त्यासाठीचा स्पार्क टेस्टर लावूनच पाहावा, प्लगच्या उघड्या भोकाजवळ नव्हे, कारण तिथे पेट्रोलची वाफ असते.

गेल्या वर्षीचे पेट्रोल टाकीत राहिले असेल, तर ते आधी काढावे. आजच्या ई२० पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते मुंबईच्या पावसाळी हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतल्यास तो थर स्पष्ट दिसतो.

चाचणी घेताना जनरेटर जिन्याखाली किंवा बोळात चालवू देऊ नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. झाकण सैल केल्यावर काय झाले आणि प्लग ओला निघाला की कोरडा, एवढे कळवावे.