मॅरेथॉन 'पूर्ण केली' एवढंच पुरेसं आहे का? टायमिंगला काही किंमत आहे की नाही?

पहाटेचा_पेस:
दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की आठवडाभर ग्रुपवर मेडलचे फोटो. आनंदच आहे, पण साडेसहा तासांत ४२ किमी करणाऱ्यालाही 'जबरदस्त' आणि सव्वातीन तासांत करणाऱ्यालाही तेच 'जबरदस्त', हे मला पटत नाही. धावणं हा वेळेचा खेळ आहे. अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंदांचा पेस, तोही सलग २१ किमी. आपल्यातले बहुतेक जण त्या पेसने ट्रॅकचा एक राउंडसुद्धा मारू शकत नाहीत. बीडच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा हा पोरगा, आणि त्याचं हे टायमिंग किती रनर्सना माहीत आहे? शिवनाथ सिंग यांनी १९७८ ला जालंधरमध्ये फुल, म्हणजे पूर्ण ४२ किमी, २ तास १२ मिनिटांत केली, तेव्हा ना वेगाला मदत करणारे कार्बन प्लेटचे बूट होते ना धावताना खायची एनर्जी जेल, आणि तो रेकॉर्ड मोडायला पुढच्या कित्येक पिढ्या झगडल्या. भारी म्हणायचं तर याला म्हणा.

घाटवाट:
साबळे भारीच, त्यावर वाद कोण घालतंय? पण तो सैन्यातला खेळाडू, धावणं हे त्याचं काम आहे. लोकलमध्ये रोज तीन तास घालवणारी, सकाळचा डबा करून धावायला निघणारी पन्नाशीची बाई पाच-साडेपाच तासांत फुल करते तेव्हा तिला साबळेच्या पट्टीने का मोजायचं? तिने सहा महिने लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाला, वेळ कुठून काढला ते बघा की.

पहाटेचा_पेस:
कौतुक करू नका असं मी म्हटलंच नाही. पण तिचे कष्ट मोठे आणि तिची धाव मोठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि साबळेला काही आयतं मिळालेलं नाही, शाळेसाठी रोज कितीतरी किमी पायपीट केलेली आहे, सियाचीनला ड्युटी केली आहे, मग २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसला (अडथळ्यांची शर्यत) सिल्व्हर. १९९८ पासून कॉमनवेल्थमधली या इव्हेंटची तिन्ही मेडल्स दर वेळी केनियाकडे जायची, ती साखळी त्याने तोडली आणि गोल्ड फक्त ०.०५ सेकंदांनी गेलं!

कटऑफच्या_आत:
वेळ वेळ करताय, पण दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स रेसचं काय? डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, ८७-९० किमी, सगळे चढउतार, आणि १२ तासांनी बंदूक वाजली की संपलं, एक सेकंद उशिरा आलेल्यालाही मेडल नाही. ११ तास ५५ मिनिटांत आत येणारा माझ्या लेखी भारी आहे. शिवाय १९२१ ला पहिली कॉम्रेड्स बिल रोवनने ८ तास ५९ मिनिटांत जिंकली होती आणि आता ९ तासांच्या आत येणाऱ्याला त्याच्याच नावाचं मेडल देतात. तेव्हा जे पहिल्या नंबरचं टायमिंग होतं त्यात आज नोकरी सांभाळून धावणारेही पोचतात. मग नुसत्या आकड्याला काय अर्थ राहतो, तो कधी, कुठे, कोणत्या रस्त्यावर आला ते बघायलाच लागतं. आपल्या सातारा हिल मॅरेथॉनलाच बघा, यवतेश्वरचा घाट चढून केलेल्या हाफची तुलना सपाट रस्त्यावरच्या हाफशी कोण करेल?

लाल_माती:
पण तुमचं कॉम्रेड्सचं उदाहरण पेसवाल्याच्याच बाजूने जातंय हो. तिथे कटऑफ कडक आहे म्हणूनच त्या मेडलला वजन आहे ना? आपल्याकडे काही ठिकाणी रेस संपल्यावरही तासभर मेडल्स वाटत बसतात, ते मला खटकतं. दुसरं म्हणजे परिस्थिती धरायची तर सगळीकडे धरा. केनियाच्या किपचोगेने २०१९ ला व्हिएन्नात फुल १:५९:४० मध्ये केली, पण पेसर (ठरलेला वेग राखून सोबत पळणारे) आळीपाळीने बदलत होते, पुढे गाडी लेझरने रेषा दाखवत होती, म्हणून वर्ल्ड रेकॉर्ड धरला नाही. माणूस दोन तासांच्या आत ४२ किमी पळाला हे मात्र खरंच, आणि मला ते बघताना काटा आला होता.

घाटवाट:
मग म्हातारपणी मॅरेथॉन धावणाऱ्या फौजासिंगांचं काय करणार? २०११ ला टोरंटोत शंभरीत फुल पूर्ण केली, आठ तासांच्या वर लागले. जन्मदाखला नाही म्हणून गिनीजने नोंद केली नाही. तुमच्या हिशोबाने ते टायमिंगही नाही आणि रेकॉर्डही नाही. सांगा, भारी की नाही?

पहाटेचा_पेस:
भारी, शंभर टक्के. वयाप्रमाणे टायमिंग मोजायची एज ग्रेडिंगची पद्धत आहेच आणि ती मला मान्य आहे, बोस्टन मॅरेथॉनला पात्र ठरायची वेळही वयोगटाप्रमाणेच असते. पण पस्तिशीतल्या धडधाकट माणसाने तयारी न करता निम्मं अंतर चालत काढायचं आणि 'मॅरेथॉनर' म्हणवून घ्यायचं, त्याला मी फौजासिंगांच्या ओळीत बसवणार नाही.

कटऑफच्या_आत:
तयारी न करता आलेला ३० किमीनंतर स्वतःच भोगतो, त्याची काळजी तुम्ही का करताय? मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. परभणीची ज्योती गवते मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिली आली होती, हे आपल्या किती रनिंग ग्रुप्सवर आलं होतं? पुढच्या जानेवारीत आपापल्या फोटोंच्या आधी भारतीय विजेत्यांची नावं आणि टायमिंग टाकायची, एवढं तरी करूया का?

घाटवाट:
चालेल. मी टाकते. पण साडेपाच तासवाल्या बाईचा फोटोही त्याच दिवशी टाकणार.